कोबिलजानच्या वाटणीचा घास

प्रिय मित्र कोबिलजान यास,

मार्गिलानहून ओरिफ न्हाव्याचा छातीवर हात ठेवून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत, झोप लागते का, सूनबाई बऱ्या आहेत ना, शुहरतचं काम ठीक चाललंय ना, तिकडचा बर्फ हलला की अजून दारातच बसलाय? या सगळ्याची उत्तरं तू दर गुरुवारी देतोस, आणि दर गुरुवारी तीच देतोस, तरी पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. इकडे आम्ही सगळे आहोत. आमच्या हिची, सनोबरची, कंबर धरली आहे, जीभ मात्र मोकळी आहे. (हे ती वाचणार नाही. तिचा चष्मा मी लपवलेला नाही, तिचा तिलाच सापडत नाहीये.)

तुला वाटेल, आठवड्याला समोरासमोर बोलायची सोय असताना हा म्हातारा कागद का खरडत बसलाय. तर त्या काचेच्या पाटीवर (शुहरत टॅबलेट म्हणतो ती) बोलताना तुझ्या शेजारी शुहरत असतो, माझ्या शेजारी आपल्या गुरुवारच्या बैठकीतला तुर्गुन मास्तर असतो, आणि तू मला जे विचारलंस त्याचं उत्तर चारचौघांत द्यायचं नाही. शिवाय माझ्या तोंडावर सगळं दिसतं, हे तुलाही माहीत आहे. न्हाव्याला आरशात दुसऱ्याची तोंडं बघायची सवय, आपलं तोंड सांभाळायची नाही. म्हणून बैठकीतल्याच सोतवोल्दीचा जावई तुमच्या शहरात कामाला निघालाय, त्याच्याकडे जर्दाळूच्या पिशवीत तळाशी हे पत्र ठेवलं आहे. जर्दाळू शुहरतला दे, पत्र तू ठेव.

आता तुझा प्रश्न. मागे एकदा शुहरत फोन घ्यायला खोलीबाहेर गेला, मास्तर इकडे हात धुवायला उठला, तेवढ्यात तू घाईघाईने म्हणालास, "ओरिफ, पोरगा म्हणतो, हा टॅबलेट असताना तुम्हाला परत जायची गरजच काय? दोस्त भेटतात, गप्पा होतात, मग ते रिकामं घर कशाला ठेवायचं? तू एखादं गिऱ्हाईक बघशील का?" मी म्हटलं, बघतो. मग तू आवाज खाली करून म्हणालास, "पण गरज आहे की नाही, ते तू खरं सांग." आणि शुहरत आला. अरे, फक्त हिवाळ्यापुरता जातो म्हणून गेलेला माणूस तू, तुझा दुसरा हिवाळा संपत आला, आणि हा प्रश्न तू मला विचारतोस. माणसाला माणसाऐवजी टॅबलेट पुरतो का, यावर मास्तर दोन गुरुवार बोलेल. मला जमत नाही. मी आपला घडलं ते लिहितो, ठरव तू.

पाटीच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. शुहरतने ती पाठवली आणि पहिल्यांदा तिच्यात तुझं तोंड उगवलं, तेव्हा सोतवोल्दीने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, कांदा झोंबला. कांदा अजून सोललाही नव्हता. मग तुला बसवायचं कुठे, यावर वाद झाला. वयाने तू मास्तरच्या वर, म्हणून मी तुला दोन उशांना टेकवून माझ्या शेजारी, मास्तरच्या वरच्या जागी ठेवलं, तर मास्तर म्हणतो, "जन्मभर मी पाट्यांवर लिहिलं, आता पाटीच्या खाली बसू?" बसला शेवटी. तुझ्यासमोर चहाचा पेला ठेवला, पाव मोडून ठेवला, सगळं रीतसर. मात्र उशी मागे सरकली होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि तू अख्खी संध्याकाळ आमचं छत बघत बसलास. छताकडे बघून तू "छान, छान, सगळे तब्येतीने बरे दिसताय" म्हणत होतास, ते आम्हाला उठताना कळलं. (सनोबरचं तर विचारू नकोस. पाटी वाजली की ती आधी डोक्यावरून रुमाल घेते. बंद असली तरी तिच्याकडे पाय करून बसू देत नाही. झाडताना पाटीवर कापड टाकते, भावजींच्या डोळ्यांत धूळ जाईल म्हणून.)

पण मग पुलावचं प्रकरण झालं, आणि त्याबद्दल तुला कोणी खरं सांगितलेलं नाही. इतकी वर्षं गुरुवार कोणाच्याही घरी असो, कढईपाशी तूच. तेव्हा तुला वाटलं, तिकडून सांगितलं की झालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. गाजर जाड चिरा, जाळ कमी करा, इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग तू म्हणालास, झाऱ्याने भातावर थाप मारा आणि मला ऐकू द्या. सोतवोल्दीने तुला दोन्ही हातांनी कढईवर धरलं (त्याचे हात तुपकट होते आणि तू हातातून सुटत होतास, हेही तुला कोणी सांगितलं नाही). तू डोळे मिटून ऐकलंस, आपल्या अंगणात ऐकतोस तसंच, आणि म्हणालास, "कोरडं वाजतंय. पाणी घाला." मास्तर म्हणाला, पाणी आहे. तू म्हणालास, मला ऐकू येतंय ना. आता जे कोरडं वाजत होतं तो मास्तर होता, टरबुजाच्या बिया दातांनी फोडत पाटीच्या कानाशी उभा. आम्ही पाणी घातलं. तू पुन्हा ऐकलंस, मास्तर पुन्हा बी फोडत होता, आम्ही पुन्हा घातलं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. शीतच उरलं नव्हतं. ते खिमट आम्ही चमच्याने खाल्लं आणि एकमेकांकडे न बघता म्हणालो, कोबिलच्या हाताची चव ती कोबिलच्या हाताचीच. तू तिकडे इतका खूश झालास की मास्तरसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेऊन बसला.

यानंतर तुझ्या केसांची गोष्ट. ती मी कोणाशी बोललो नाही. बाकीचे पाटीत तुझा चेहरा बघतात, मी तुझे कान बघतो, आणि ते दिसेनासे झाले होते. तू म्हणालास, तिकडे दुकानात एक मुलगी मशीन फिरवते, काही बोलत नाही, काही विचारत नाही, म्हणून तू खुर्चीवरून उठून परत आलास. मग मीच शुहरतला म्हटलं, कात्री आण, मी इथून सांगतो. शुहरत गुणी मुलगा आहे, लगेच कात्री घेऊन बापाच्या मागे उभा राहिला. पण मी डावीकडे म्हटलं की तो विचारायचा, काका, तुमची डावी की बाबांची? मी म्हणायचो, बाबांची, आणि तोवर उजवी गेलेली असायची. तुझ्या उजव्या कानामागे, तुतीच्या झाडावरून पडलास तेव्हाची ती खोक आहे, तिथे कात्री आडवी धरावी लागते. ते शुहरतला ठाऊक नव्हतं, कसं असणार? ती जागा दाखवायला मी काचेवर दोन बोटं टेकवली, तर तुझा कान मोठा होऊ लागला. मी घाबरून बोटं आणखी फाकवली, तर कान तंदूरच्या रोटीएवढा झाला आणि तू कुठे दिसेनासाच झालास. एक कल्ला कानाशी आणि एक पार वर कपाळाकडे, असा अवतार झाला तुझा. तू हात फिरवून म्हणालास, "हलकं वाटतंय, ओरिफ." चाळीसेक वर्षं ते डोकं माझ्या हातात होतं, कोबिल. मला तुझं खोटं पाठमोरंही ओळखता येतं.

आता मागच्या गुरुवारचं लिहितो आणि थांबतो. पाळी सोतवोल्दीची होती. पुलाव तुला न विचारता केला होता, म्हणून चांगला झाला होता (माफ कर). शेवटी रीतीप्रमाणे यजमानाने हाताने घास भरवायचा. सोतवोल्दीने बोटांनी भात दाबला, वर मांसाचा तुकडा ठेवला, पहिला घास मला दिला. दुसरा वयाने तुझा. त्याने काही विचार केला नाही रे, हात सवयीने गेला, आणि घास सरळ काचेवर टेकवला, तुझ्या ओठांवर. आणि तू तोंड उघडलंस.

भात काचेवरून घसरून उशीवर पडला. पाटीला वाटलं, आपल्याला काही हुकूम दिलाय, तिने तुझ्या गावचं हवामान दाखवलं, मग कसलेसे बूट दाखवले, आणि मग पुन्हा तू दिसलास, तोंड अजून तसंच उघडं. मग तू ते मिटलंस. "मीठ बेताचं आहे," म्हणालास. आम्ही हसलो, तूही हसलास. सोतवोल्दी बाहीने काच पुसायला लागला, तर तूप आणखीच पसरलं आणि तू त्यामागे धूसर होत गेलास. त्यानंतर ताटातलं कोणी खाल्लं नाही. घरी येऊन सनोबरला हे सांगितलं, तर हातातला वाडगा खाली ठेवून तिने विचारलं, "मग नंतर भावजींना तिकडे कोणी वाढलं का?"

मला तुझी आठवण येते. तू दिसत नाहीस त्या दिवशी कमी येते, गुरुवारी जास्त येते. हे बरोबर की चूक मला कळत नाही, पण तू खरं सांग म्हणालास म्हणून लिहिलं.

बाकी तुझं तू ठरव. तिकडे पोटचा मुलगा आहे, नातवंडं आहेत, भिंती गरम असतात. मी परत ये म्हणणार नाही, मी कोण म्हणणारा. घराला गिऱ्हाईक शोधतोच आहे. सर्वांना आमचा सलाम, लहानांच्या कपाळाला ओठ.

तुझा
ओरिफ

ता. क. गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला मी सांगितलं, छत गळतं. दुसऱ्याला सांगितलं, शेजारी एक न्हावी राहतो, तो दिवसभर बोलतो. हे खरंच आहे याची खात्री पटवायला मी दुपारभर बोललो, तो घर न बघताच गेला. तिसरं एक तरुण जोडपं होतं, चांगली माणसं, त्यांना घर फार आवडलं. त्यांच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, मालक वसंतात परत येतोय. आता मला खोटं पाडायचं की खरं, ते तुझ्या हातात.

ता. क. तुझ्या अंगणातला, हदिचावहिनींनी त्यांच्या हयातीत लावलेला द्राक्षाचा वेल थंडीसाठी पुरला तसा अजून मातीखाली आहे. तो वर काढायचे दिवस आले. एकाने धरावं आणि एकाने बांधावं लागतं. सोतवोल्दीचा खांदा गेला आहे, आणि मास्तर फक्त सूचना देतो.

ता. क. शुहरतशी भांडू नकोस. त्यालाही बाप हवा असतो, हे मला कळतं. त्याला म्हणावं, हिवाळा तुझा, बाकीचं वर्ष आमचं. आणि ती पाटी फेकू नका. ती तिकडून इकडे चालते तशी इकडून तिकडेही चालते, गुरुवारी आम्ही त्याला उशांवर बसवू. उशी या वेळी नीट लावू.

ता. क. तो उशीवर पडलेला घास सोतवोल्दीने उचलला आणि हातात धरून बसला. ताटात परत टाकेना, खाईना. तुझ्या नावाचा घास माघारी कसा न्यायचा, म्हणाला. वसंतातल्या नवरोजनंतरच्या पहिल्या गुरुवारची पाळी तुझी आहे, तुझ्याच अंगणात, ते आम्ही ठरवून टाकलं आहे. कात्रीला धार लावून ठेवली आहे, तोवर केसांना कोणाला हात लावू देऊ नकोस. कढई तू सांभाळ, मास्तरला बियांसकट मी लांब बसवतो. दुसरा घास तुझा. सोतवोल्दीने हात धुतलेत की नाही, तेवढं मी बघतो.