पैठणीमागची काउंटेस

१ सप्टेंबर, सोमवार. चँडलर, ॲरिझोना

लेबर डे आणि गौरीपूजन एकाच दिवशी, म्हणून हळदीकुंकवाला सगळं मंडळ लोटलं. गौरी माझ्या शेल्फपुढेच बसवाव्या लागतात, दुसरी जागाच नाही. शेल्फवर माझ्या डिस्क: जुने इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच सिनेमे. काही चावट, काही रक्ताळलेले, बरेचसे दोन्ही. वर भिंतीवर त्यांतल्याच एका सिनेमाच्या नायिकेचं, काउंटेसचं पोस्टर. दरवर्षी त्यावर आईची पैठणी टाचते. आरास होते, झाकणंही होतं.

यंदा ऐन आरतीत पैठणी सुटली. गौरींच्या डोक्यावर काउंटेस: पाठ उघडी, ओठांना रक्त, हातात मेणबत्ती. आरती मधेच थांबवायची नसते. सगळे टाळ्या वाजवत, पायांकडे बघत गात राहिले. एरवी दोनतीन म्हणून आटपतात, आज थांबायचं कुणाला सुचेना. एकीमागून एक सुरूच. मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या शालिनीकाकू तेवढ्या मान वर करून पोस्टर बघत होत्या.

२ सप्टें.

गौरी गेल्या. पुरुषांच्या ग्रुपवर म.ला डोळे मारणारे इमोजी. मंडळाचा अध्यक्ष प्रकाश: ‘काय माधवराव, छुपे रुस्तम!’ सगळ्यांनी गृहीतच धरलं की डिस्क नवऱ्याच्या.

म. म्हणाला, “असू दे ना. माझ्या नावावर खपव. पुरुषाला कोण काय म्हणतंय? दोन दिवस हसतील.”

मनाने चांगला आहे. पण त्यातला एकही सिनेमा त्याने पुरता पाहिलेला नाही. पडद्यावर धुकं सुटलं की हा घोरायला लागतो. मला जेवण गेलं नाही.

४ सप्टें.

पुण्याची फिल्म सोसायटी आठवते आहे. विनासेन्सॉर बघायला मिळतं म्हणून मुलं यायची, गंभीर चेहरे करून. एकदा चुकून असलाच एक लागला. मैत्रिणी उठून गेल्या, मी बसले. एक बाई ओसाड किल्ल्यातून अनवाणी चालत होती आणि कुठे निघालीस म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं. मला तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही सांगून जावं लागे.

६ सप्टें.

लिहिलं एकदाचं मंडळाच्या ग्रुपवर. ‘पोस्टर आणि डिस्क माधवच्या नाहीत, माझ्या आहेत. कुणाला बघायच्या असतील तर सांगा.’

आज एकही डोळा मारला गेला नाही. म्हणजे त्याच्या असल्या तर गंमत, आणि माझ्या असल्या की…

७ सप्टें., रवि.

मंडळाच्या मराठी शाळेत शिकवून घरी येते तोच प्रकाशचा फोन.

“वैशाली, पेरेंट्स अनकम्फर्टेबल आहेत गं. थोडे दिवस शाळेतून ब्रेक घे.”

“माधवच्या असत्या तर?”

“तो कुठे मुलांना शिकवतो?”

“शिकवत असता तर?”

त्याला दुसरा कॉल आला म्हणे. २१ला शाळेनंतर कमिटी ठरवणार मला ठेवायचं की नाही. तोवर येऊ नकोस.

ही शाळा मी सुरू केली, माझी सई बाराखडी गिरवत होती तेव्हा. मुलांना मी अ, आ शिकवते, काउंटेस नाही. घरोघरी मालिकेतली सासू सुनेच्या दुधात विष घालते, ते बघतातच की पोरं मांडीवर बसून! फार संतापले. रडूही आलं.

१० सप्टें.

सईचा ऑस्टिनहून फोन. “आई, आय लव्ह यू, बट दोज मूव्हीज आर सो ग्रॉस टु विमेन.”

बायकांच्या बाबतीत किळसवाणे, हे अर्धं खरं आहे. बहुतेक टुकार आहेत. काहींत कॅमेरा बाईकडे खाटकासारखा बघतो, ते मी पुन्हा लावत नाही. पण काउंटेस झालेली ती नटी. पोस्टरवर नाव खोटं, डबिंगमध्ये आवाज दुसरीचा. तिचं स्वतःचं म्हणून फक्त शरीर उरलं, आणि तेवढ्यावर तिने अख्खा सिनेमा दिग्दर्शकाच्या हातून काढून घेतला. तिच्याकडे कुणीतरी नीट बघायला हवं की नको?

“ओके, दॅट्स फेअर,” सई म्हणाली. “स्टिल ग्रॉस.”

माझीच मुलगी.

१३ सप्टें.

फिनिक्समधलं छोटं थिएटर ग्रेस चालवते, मी तिथली जुनी गिऱ्हाईक. पुढच्या शनिवारी दुपारी ती काउंटेस लावते आहे. आधी मी बोलावं म्हणते. फलकावर नाव काय घालू, विचारलंय तिने.

म. म्हणाला, “टोपणनाव दे की. दुसऱ्याच दिवशी कमिटी आहे.”

“त्या बाईलाही टोपणनावच दिलं होतं. मी पूर्ण नाव देणार. आडनावासकट.”

“ते माझंही आहे.”

“म्हणून तर सांगतेय.”

त्याने सावकाश चहा संपवला. कप विसळला. मग म्हणाला, “घाल.”

१४ सप्टें., रवि.

शाळेत गेले नाही. ओटा घासला, तो आधीच स्वच्छ होता.

२० सप्टें.

बोलले. त्या नटीचं खरं नाव घेतलं आणि प्रेक्षकांकडूनही म्हणवून घेतलं, वर्गात घेते तसं. म. पहिल्या रांगेत, धुकं सुटलं तरी जागा.

दिवे लागले तर मागे शालिनीकाकू, नऊवारीवर स्वेटर.

“शेवट लांबला गं जरा. पण बाई चालते काय! आम्हाला असं चालायची सोय नव्हती.” मग म्हणाल्या, “उद्या नातीला पाठवतेय शाळेत. तू असशील तर.”

“मला येऊ नको म्हटलंय, काकू. कमिटी ठरवणार आहे.”

“कमिटी शाळेनंतर आहे ना?”

२१ सप्टें., रवि. सकाळ

खडू, डस्टर, जोडाक्षरांचे तक्ते पिशवीत. वर्गाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे, मागायची कुणाची हिंमत झालेली नाही. प्रकाशला मेसेज टाकला: ‘वर्ग घेते आहे. कमिटीलाही थांबेन.’ निळ्या खुणा आल्या.

म.ने गाडीची चावी उचलली. “येऊ का?”

“नको. हे माझ्या नावावर आहे.”

निघते.