मातेच्या वस्त्राचा रंग आणि इतर स्थावर-जंगम

॥ श्री ॥

स्वस्ति. विदर्भभूमीच्या ललाटी शोभणाऱ्या नागपूर नगरीत, सक्करदरा-प्रांती नगरपालिकेच्या जलवाहिनीच्या अंतिम टोकास विराजमान, विभक्तिप्रत्ययपंचानन, सहामाहीपरीक्षापर्यवेक्षणधुरंधर, एकमेवब्रेकयुक्तद्विचक्रारूढ, अप्रकाशितकादंबरीचक्रवर्ती, फ्लॉरेन्स नगरीचे न पाहताच इतिहासकार झालेले, संस्कृताध्यापक श्रीमान मनोहरराव नत्थूजी चरडे, वय वर्षे त्रेपन्न, हे आज आपल्या इहलोकीच्या साम्राज्याची विल्हेवाट लावण्यास बसले आहेत. येथून पुढे मी स्वतःचा उल्लेख 'मी' असाच करीन. ही बिरुदे कलमागणिक वाहून नेण्याचे बळ परवाच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवायचे आहे.

शस्त्रक्रिया हर्नियाची असून डॉक्टरांच्या मते ती किरकोळ आहे. किरकोळ हा शब्द सुरी धरणाऱ्याच्या बाजूचा आहे. सुरीखाली असणाऱ्याने मृत्युपत्र करावे, हे उचित.

माझे चित्त स्थिर आहे, स्मरण शाबूत आहे, मला कोणी धाक घातलेला नाही आणि चहाखेरीज कोणतेही मादक द्रव्य मी घेतलेले नाही. हे वाक्य मोठ्याने वाचताच माझी धर्मपत्नी कौशल्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "नऊ वर्सं बसल्या जागी इटालीत राहून राहिले होते, अन् म्हणता चित्त स्थिर!" तिचा आक्षेप नोंदवून पुढे जातो.

या लेखाचा खरा हेतू एकच आहे, तो आरंभीच सांगतो. माझी पुतणी कुमारी गोपिका रुपराव चरडे हिने येत्या सव्वीस जूनला बडोद्याच्या कलामहाविद्यालयात हजर व्हावे, मी या जगात असो वा नसो. बाकीची कलमे तिच्या वाटेतले दगड उचलण्यासाठी आहेत.

कलम १. सक्करदऱ्याचे दोन खोल्यांचे घर, पडवी, कडुनिंब आणि त्यावरील कावळ्यांसह, कौशल्येला. आम्हांस अपत्य नाही, म्हणून वादही नाही.

कलम २. सायकल शाळेचा शिपाई मारोतराव यास. तिचा पुढचा ब्रेक लागत नाही, ही गोष्ट त्याला दान स्वीकारण्यापूर्वी सांगावी. संस्कृत शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयास, मात्र तो कपाटात कुलूपबंद ठेवू नये. कोशाला वाळवी कुलपातच लागते. छडी कोणासही नाही. ती मी काल चुलीत घातली.

कलम ३. एका दूरच्या प्रकाशकाने माझी कादंबरी चौदा महिने ठेवून घेतली आणि पहिल्या पानावर कपाची गोल मुद्रा उमटवून परत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत असे होते की, नायिका परदेशी असल्याने वाचकांना जवळची वाटणार नाही, तिला निदान सातारची करता आल्यास कळवावे. त्या गृहस्थास मी क्षमा करीत आहे. ही क्षमा माझ्या मृत्यूनंतरच अमलात यावी. तोपर्यंत मला तो राग लागतो.

कलम ४. ही कादंबरी म्हणजे काय, ते न जाणणाऱ्यांसाठी. सीताबर्डीच्या पदपथावर मला इटलीच्या प्राचीन चित्रांचे एक पुस्तक मिळाले. त्याला मुखपृष्ठ नव्हते आणि शेवटची पाने उंदरांनी वाचून संपवली होती. त्यात ख्रिस्ती देवमाता आणि तिच्या मांडीवर बालक अशी पुष्कळ चित्रे होती. मी वेडा झालो. शब्दरूपे शिकवून घरी आलो की त्या पुस्तकापुढे बसे. त्यातून जिनेव्रा जन्मली. पाचशे वर्षांपूर्वीच्या फ्लॉरेन्समध्ये औषधे आणि रंगद्रव्ये विकणाऱ्याची मुलगी. वडील तिला रंग कुटायला बसवतात, पण रंगवायला मनाई. एका वृद्ध चित्रकाराच्या कार्यशाळेत ती चोरून शिरते. मातेचे वस्त्र रंगवायला त्याच्यापाशी हिरवा रंग नाही, म्हणून जिनेव्रा स्वतःच्या दिवंगत आईच्या गळ्यातला हिरवा खडा वडिलांच्या पेटीतून चोरते आणि खलात घालून कुटते. हा कादंबरीचा कळस. नऊ वह्या, नऊ वर्षे. मी तोंडाने सांगे, आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारी गोपिका लिहून काढी. वयाच्या अकराव्या वर्षी ती काटोलहून, वडिलांच्या संत्र्याच्या बागेतून आली. पहिल्या वहीत तिचे अक्षर गोल आहे, नवव्या वहीत ते झुकलेले आहे. तिचे बालपण मोजायचे तर त्या वह्या पुरेत.

कलम ५. आता माझा अपराध. विधीची भाषा येथे मदतीला येत नाही, म्हणून साधे लिहितो.

एकोणीसशे शहात्तरच्या जानेवारीत आमच्या वाचनालयात मी कळसाचे प्रकरण वाचले. चाळीस श्रोते होते, त्यांतले तीस जागे. खडा फुटला, हिरवे चूर्ण उडाले, दोन बायकांनी डोळे पुसले. मी उदार होऊन म्हणालो, कोणास शंका असल्यास विचाराव्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली गोपिका उठली. तिच्या हातात शेजारच्या पुष्पलताबाईंचे कॅलेंडर होते. पुष्पलताबाई परिचारिका आहेत, आणि त्यांना नाताळात कोणीतरी ते विलायती रंगीत कॅलेंडर दिले होते. त्यात याच मातेची सहा चित्रे होती.

"काकाजी," ती म्हणाली, "ते वस्त्र निळं असते."

मागे कोणी तरी हसले. मी म्हणालो, "कन्ये, हा मुद्रणदोष आहे."

"सहाही चित्रांत?"

"सहाही एकाच यंत्रावर छापली असतील."

तिने कॅलेंडर खाली ठेवले आणि आवाज लहान केला. मला दुखवावे असे तिच्या मनात नव्हते; हे मला तेव्हाच दिसले होते, आणि तेच मला सोसले नाही. "तुमच्या पुस्तकात रंगच नाही ना, काकाजी. ते काळं-पांढरं आहे. हिरवा तुमी मनानं लावला."

हे खरे होते. नऊ वर्षांत एकदाही मला प्रश्न पडला नव्हता की हा हिरवा रंग कोठून आला. तो कोठून आला, ते आज सांगतो. गोपिका पोटात असताना तिच्या आईची, माझी वहिनी जयवंता हिची, ओटी कौशल्येने भरली होती. हिरवे लुगडे, हिरव्या बांगड्या, ओटीत नारळ. कौशल्या त्या वेळी हसत होती, आणि घरी येताच तिने स्वतःचे हिरवे लुगडे ट्रंकेच्या तळाशी घातले. तेव्हापासून माता म्हटली की मला हिरवेच दिसते. फ्लॉरेन्सच्या चित्रांतल्या मातेला मी काटोलचे लुगडे नेसवले.

परंतु हे मला त्या सभागृहात सुचले नाही. मला जे सुचले ते मी चाळीस माणसांपुढे बोललो. "चित्रकलेची एवढी जाण असेल, तर काटोलला जा आणि बापाच्या संत्र्याच्या पेट्या रंगव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती गेली. मी व्याकरण तपासत बसलो होतो. कौशल्या मला एवढेच म्हणाली, "त्या इटालीच्या पोरीपायी घरची पोर घालवली तुमी." पदवी अर्धी राहिली. अडवायला मी दारापर्यंतही गेलो नाही, आणि दार सात पावलांवर आहे.

कलम ६. गेल्या फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री उतरतात त्या वेळी, मी काटोलच्या फळबाजारात गेलो होतो. तेथे प्रत्येक बागायतदाराची पेटीवर आपली खूण असते. पत्र्याच्या साच्यातून काळा रंग फासतात, कोणाचे कमळ, कोणाचा वाघ. एक हमाल ओरडला, "गुरुजी, सरका गा! निळ्या बाईचा माल येऊन राहिला!"

मी सरकलो. पेट्या माझ्या समोरून गेल्या. प्रत्येक फळीवर, साच्याशिवाय, हाताने काढलेली एक बसलेली स्त्री. मांडीवर बालकाच्या जागी संत्रे. आणि खांद्यावरून गुडघ्यापर्यंत उतरलेले निळे वस्त्र. घड्या बरोबर पडल्या होत्या. गुडघ्यापाशी निळा थोडा गडद होता, जिथे कापड आत वळते. मी नऊ वर्षे ज्याच्यावर पाने भरली, ते तिने दिल्लीला जाणाऱ्या पेट्यांवर शे-दीडशे वेळा केले होते.

ज्येष्ठ बंधू रुपराव शेजारी उभे होते. ते समाधानाने म्हणाले, "दलाल म्हणते, दिल्लीवाला ही बाई पाहूनच माल उचलते. लग्न होयेपर्यंत पोरीले हेच काम देतो. वरूडचा पोरगा पाह्यला हाये, औषधाचं दुकान हाये त्याचं. फवारणीच्या औषधाचं."

"तिला विचारले का, दादा?"

"तिले काय इचारा लागते? तुया त्या कादंबरीतल्या बापानं इचारलं होतं काय?"

बंधूंनी माझी कादंबरी ऐकली होती, हे मला त्या दिवशी कळले. आणि ती त्यांना चांगलीच समजली होती.

कलम ७. मे महिन्यात बडोद्याहून माझ्या नावे पत्र आले. गोपिकेने परस्पर अर्ज केला होता, चित्रे पाठवली होती, आणि तिला जागा मिळाली होती. अर्जातील पालकाच्या रकान्यात तिने माझे नाव लिहिले होते. संमतीच्या कागदावर माझी सही हवी होती. मी कागद घेऊन काटोलला गेलो. ती बागेत विहिरीपाशी कुंचले धूत होती. दोन वर्षे चार महिन्यांनी आम्ही बोललो.

"पालक म्हणून माझे नाव काहून लिहिले?"

"बाबाचं लिहिलं असतं, तर बाबानं सही केली नसती."

"मी करीन हे कशावरून?"

तिने कुंचला झटकला. "तुमी चुकीच्या रंगावर नऊ वर्सं काढले, काकाजी. एका सहीले किती वेळ लागते?"

मी तेथेच, विहिरीच्या काठावर कागद ठेवून सही केली. क्षमा मागायची राहून गेली. मी शाई फुंकून वाळवली, कागद तिला दिला आणि परतीची एस.टी. पकडली. ती क्षमा मी या कलमाद्वारे मागत आहे, आणि दोन साक्षीदारांसमक्ष मागत आहे, कारण अपमान चाळीसांसमोर केला होता.

कलम ८. सही पुरेशी नाही. मी नसलो तर दादा तिला थांबवतील, हे मी जाणतो. ते दुष्ट नाहीत, फक्त बाप आहेत. म्हणून काटोल येथील संत्र्याच्या बागेतील वाटणीने माझ्या नावे झालेले अडीच एकर, विहिरीसह, यांची व्यवस्था अशी: गोपिकेचे बडोद्याचे शिक्षण पूर्ण होईतो त्या तुकड्याचे सर्व उत्पन्न तिच्या राहण्याखाण्यासाठी व रंगांसाठी जावे. शिक्षण पूर्ण झाल्याच्या दिवशी तो तुकडा विहिरीसह दादांच्या मालकीचा व्हावा. परंतु शिक्षण सुरू असताना तिच्या मर्जीविरुद्ध तिला परत आणल्यास, वा तिचे लग्न लावल्यास, तोच तुकडा, तीच विहीर, शेजारचे बागायतदार धोंडबा यांस कायमची मिळावी.

धोंडबा आणि दादा यांच्यात मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अकरा वर्षे वाद आहे. धोंडबाशी माझे काहीही सख्य नाही. त्याला मी केवळ दादांच्या प्रेमाखातर वारस नेमले आहे. वकिलांनी हे कलम वाचून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. ते म्हणाले, टिकेल.

दादा, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवाल. रागवा. पण विहिरीवर जाऊन रागवा, आणि एकदा तुमच्याच पेटीकडे पाहा.

कलम ९. कादंबरीच्या नऊ वह्या गोपिकेला, सर्व हक्कांसह. तिने हिरवा खोडून निळा करावा, किंवा करू नये. मात्र तिला सावध करतो. निळा केल्यास आईचा खडा निरुपयोगी होतो, खडा गेला की चोरी जाते, चोरी गेली की कळस कोसळतो, आणि मग तिला दुसरीच कादंबरी लिहावी लागेल, जिच्यात जिनेव्रा रंग नुसता कुटत नाही. तसे झाल्यास त्या पुस्तकावर तिचेच नाव असावे. माझे नाव आतल्या पानावर, लेखनिक म्हणून, बारीक टाइपात चालेल. आजवर मी सांगितले आणि तिने लिहिले. आता उलट व्हायला हरकत नाही.

कलम १०. पुष्पलताबाई या लेखाच्या साक्षीदार असल्याने त्यांच्यासाठी काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून त्यांचे कॅलेंडर मी त्यांना देत नाही, परत करीत आहे. गेली दोन वर्षे ते माझ्या उशाखाली होते. जून महिन्याचे पान थोडे चुरगळले आहे.

कलम ११. शस्त्रक्रियेतून मी उठलो, तर बाकीची कलमे कपाटात झोपी जावीत. परंतु पाचवे, आठवे व नववे यांचा अंमल आजपासून सुरू झाला असे समजावे. क्षमा मागण्यासाठी मरण्याची अट घालणे मला वाचकांची फसवणूक वाटते. या लेखाची एक प्रत उद्या सकाळी काटोलला जाईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि एका ठिकाणी स्वतःच थांबलो.

(सही) मनोहर नत्थूजी चरडे

साक्षीदार:
१. (सही) पुष्पलता साळवे, परिचारिका, सक्करदरा. "कलम पाच वाचले. कॅलेंडर तुम्हीच ठेवा, गुरुजी."
२. (सही) ताराचंद निनावे, सुतार, सक्करदरा.

स्थळ: नागपूर
दिनांक: १४ जून १९७८, बुधवार

ता. क. बडोद्याच्या सूचनापत्रानुसार विद्यार्थ्याने रेखाटनाचा फळा स्वतःचा आणायचा आहे, बावीस इंच रुंद, तीस इंच लांब. ताराचंद यांनी तो सागवानाचा, उत्तम केला आहे. गोपिका काटोलहून येईल त्या दिवसाची रिक्षा आजच ठरवत आहोत, आणि अडचण स्टेशनपर्यंतची आहे. सायकलरिक्षात गोपिका, तिची ट्रंक आणि पोचवायला जाणारच असा हट्ट धरून बसलेली कौशल्या इतके मावते. फळा उभा धरला तर छताला लागतो, मांडीवर घेतला तर दोघींना पुढचे दिसत नाही, आणि मागे बांधला तर ट्रंक कोठे ठेवायची. ताराचंद म्हणतात, दोन इंच कापून देतो. ते सूचनापत्राच्या विरुद्ध आहे. रिक्षावाला फळ्याचे वेगळे भाडे मागत आहे. माणूस बसून येतो, हा आडवा येणार, असे त्याचे म्हणणे, आणि त्यावरून तो अजून दारात उभा आहे.