दहिवडीच्या चौकातला ग्रह

१९ ऑक्टोबर २०२५, दहिवडी

चौकात माझा फ्लेक्स! एसटीतून उतरले आणि समोर मीच — भली मोठी. ‘नवा ग्रह शोधल्याबद्दल कु. माया हिचे हार्दिक अभिनंदन!’ खाली फेटा बांधलेले आबा, म्हणजे माझे वडील. माझ्यामागे ग्रह म्हणून चक्क शनी छापलाय! आई कुरकुरतेय, “पोरीच्या डोस्क्यामागं शनी कशाला?”

आबांना फोनवर ‘सापडलाय असं वाटतंय’ म्हणाले होते. ‘वाटतंय’ त्यांनी सोयीस्कर गाळलं. मी रागावणार होते. पण जाता जाता दोनदा मागे वळून पाहिलं — लाज वाटते, पण पाहिलं!

२२ ऑक्टोबर, पाडवा

आबांना समजावलं. ग्रह दिसत नाही. त्याच्या ओढीने तारा जरासा डुलतो, ते मोजायचं. ग्रह गुरूहून मोठा, पण गोल फिरत नाही. महिनोन्‌महिने लांब जातो, मग ताऱ्याजवळून झपकन वळतो. तुम्ही चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन लांब जाता-येता, तसा. लय खूश झाले! मग एकदम विचारलं,

“येवढ्या लांब... येकलाच?”

“एकटाच.”

“लय अवघड गं. आमचं निभतं, तुजी आय संगं असती म्हून.”

२४ ऑक्टोबर

पुढच्या आठवड्यात ग्रह ताऱ्याजवळ येणार. तेव्हा तारा जोरात डुलला तर माझं गणित खरं. नाहीतर चौकात शोभा! आबा मात्र भेटेल त्याला सांगतायत — “गुरूपरीस मोटा हाय!”

३१ ऑक्टोबर, पुणे

माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक, त्या सरांचा फोन. तारा हवा त्याच्या निम्माही डुलला नाही.

आबा-आई मेंढरं घेऊन निघालेत. वाटेतच फोनवर गाठलं आबांना. म्हटलं, कुणाला तरी सांगून फ्लेक्स उतरवा, माझं चुकलं.

“न्हाई उतरवनार. त्यो काय ग्रहाचा हाय व्हय? तुजा हाय.”

फोन ठेवून खूप रडले.

२ नोव्हेंबर

आबांचं ‘येकलाच?’ डोक्यातून जाईना. मी एकच ग्रह धरून बसले होते. दोन धरले तर?

३ नोव्हेंबर

बसलं! सगळं बसलं! दोन थोरले ग्रह, दोघांच्याही वाटा साध्या गोल. एकाची एक फेरी होते तोवर दुसऱ्याच्या दोन. दोघांची ओढ मिसळली आणि मला एकच लांबट वाट दिसली. सरांनी स्वतः तपासलं. म्हणाले, “पक्कं.”

४ नोव्हेंबर

“आबा, तो एकटा नाही हो. दोघं आहेत.”

फोनमध्ये मेंढरांचा आवाज. त्यातूनच आबांची आईला हाक — “आगं, ऐकलंस का? दोगं हायती!”