ग्लासाखालचे संत्रे

खोडाळा,
१२ नोव्हेंबर १९७९

ती. हलीमाफूफीस,
नजमाचा सलाम. वि. वि.

मी सुखरूप पोचले. घरमालकीण गौराबाई प्रेमळ आहेत. मला भाकरी थापता येत नाही हे त्यांनी अजून फक्त अर्ध्याच गावाला सांगितले आहे.

आपला महिला हस्तकला वर्ग शाळेमागच्या पडवीत सुरू झाला. दहा-बारा जणी येतात. ठाण्याच्या मंडळाने पहिला विषय ठरवूनच पाठवला आहे: मधोमध कापलेल्या संत्र्यासारखी दिसणारी, ग्लासाखाली ठेवायची क्रोशाची चकती. सोबत सुया, पेटीभर नारिंगी दोरा आणि कुठल्याशा इंग्रजी मासिकातले चित्र. चित्रात संत्र्यावर सरबताचा ग्लास आहे आणि शेजारी कुत्रा बसला आहे. बायकांना त्यातला कुत्रा लगेच कळला.

मी समजावले, की थंड ग्लासाला बाहेरून पाणी सुटते, टेबलावर डाग पडतो, म्हणून ही चकती भांड्याखाली घालायची. इथे टेबल एकच, हेडमास्तरांचे, आणि त्यावर नवा डाग पडायला जागा नाही. धाकली म्हणून एक तरतरीत बाई आहे. तिने विचारले, की पिणाऱ्याला हात नाहीत का. मी म्हटले, शहरात हातात फाइल असते. तिला त्या माणसाची फार दया आली.

अब्बांची अट तुम्हाला ठाऊक आहेच. जानेवारीअखेर वर्गाला कायम मंजुरी मिळाली तर मी इथे राहायचे. नाही तर जव्हारला परत, आणि भिवंडीच्या स्थळाला होकार. फूफी, आपल्या घरातली पहिली पदवी मला भिवंडीच्या माळ्यावर ठेवायची नाही. या बायकांच्या हाती कला यावी, त्या स्वावलंबी व्हाव्यात, एवढीच इच्छा आहे.

एक अडचण: चकती विणता विणता तिची वाटी होते. उपाय कळवावा. अब्बा-अम्मीला सलाम. तुमची माया आहे तशीच राहो.

तुमची,
नजमा


जव्हार,
२० नोव्हेंबर १९७९

चि. नजमास,
हलीमाफूफीची दुवा. वि. वि.

पत्र मिळालं. वाटी होते म्हणजे फेरीगणिक टाके वाढवायला विसरतेस. साखळीच्या कड्यात मुके खांब, ते बुटके टाके, घाल आणि पुढे प्रत्येक फेरीत सारखे वाढवत जा. कमी वाढवलेस तर वाटी, जास्त वाढवलेस तर झालर. हे मी तुला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. बी.ए.च्या पुस्तकांनी ते बाहेर ढकललेलं दिसतं.

भिवंडीच्या स्थळाकडची बाई येऊन गेली. तुझ्या हातचा रुमाल पाहून खूश झाली. मग हळूच विचारलं, की लग्नानंतर बी.ए. कमी होतं का. मी म्हटलं, देवीच्या वणांसारखं आहे. जात नाही, पण घरच्यांना सवय होते. चहा अर्धा ठेवून गेली.

तुझा बाप, आमचा इदरीस, माझ्यासमोर म्हणतो, की पोरीला पाठवून चूक केली. आणि दुकानात कल्हईला पातेलं घेऊन येईल त्याला सांगतो, की माझी नजमा खोडाळ्याला ऑफिसर आहे. तू संत्री विणायला शिकवतेस हे कळल्यावर त्याने विचारलं, की तिकडे संत्री होतात का. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग काम नक्कीच मोठं असणार.

मुरंबा पाठवते. बरणी परत कर. लोभ मी ठेवतेच, तू पत्रं चालू ठेव.

हलीमाफूफी


खोडाळा,
१९ डिसेंबर १९७९

ती. फूफीस,
सलाम. वि. वि.

वाटी होणे थांबले, पण पुढचे ऐका.

नागलीची मळणी आटोपून बायका वर्गात परतल्या तेव्हा प्रत्येकीची चकती परातीएवढी वाढायला लागली. मी शिकवले त्यातले 'भांड्याखाली घालायची' एवढेच त्यांनी मनावर घेतले होते, आणि इथे भांडे म्हणजे डोक्यावरून आणायचा पाण्याचा हंडा. धाकलीने मध्ये भोक ठेवून, दुहेरी दोऱ्याने जाडजूड नारिंगी चुंबळ विणली. तिचे पाहून सगळ्यांनी. मी रागावले तर वर्गातली रुपी म्हणाली, की बाई, तुमची चकती डोक्यावर ठेवून बघा, हंडा एक पाऊल टिकणार नाही. मी बघितले नाही. बळेच थोड्या लहान चकत्या करून घेतल्या.

परवा मंडळाच्या अध्यक्षाबाई आल्या, सोबत फोटोग्राफर. हेडमास्तरांच्या टेबलावर चादर घालून चकत्या मांडल्या, हॉटेलातून ग्लास आणले. बाईंनी एक चकती उचलली, बरी आहे म्हणाल्या आणि घड्याळ पाहिले. तेवढ्यात त्यांच्या मोटारीला पाणी लागले. धाकली विहिरीवर गेली आणि हंडा घेऊन आली, खाली नारिंगी चुंबळ.

बाईंनी गॉगल काढला. रुपीला विचारले, की तुमच्या आया, आज्या अशीच चुंबळ घ्यायच्या का. रुपीने खरे तेच सांगितले, की हो, चुंबळीशिवाय हंडा कसा न्यायचा. बाईंचे डोळे भरून आले. लुप्त होत चाललेली आदिवासी विणकला सापडली, असे त्या फोटोग्राफरला म्हणाल्या. फोटोसाठी धाकलीला विहिरीवरून चार वेळा हंडा आणायला लावले, तिच्या चुंबळीसह दोन चुंबळी मागून नेल्या, आणि वर्ग कायम करते असे सर्वांसमोर सांगून गेल्या. हातातली चकती मी पुन्हा ग्लासाखाली ठेवली.

तेव्हापासून मला घास उतरत नाही. हे खोटे आहे, फूफी. खरे कळवले तर वर्ग जाईल आणि मी भिवंडीला. काय करू ते उलटटपाली लिहा.

तुमची,
नजमा


जव्हार,
२५ डिसेंबर १९७९

चि. नजमास,
दुवा. वि. वि.

गप्प बस. खोटं तू बोलली नाहीस, रुपी बोलली नाही. ज्या बाईला खोटं हवं होतं तिने ते स्वतःच विणून घेतलं.

मंजुरीचं ऐकून इदरीसने दुकानात सगळ्यांना चहा पाजला. भिवंडीकरांना मात्र अजून नकार दिलेला नाही. लेखी आलं की देईन म्हणतो. तेव्हा खरं बोलायचंच असेल तर कागद हाती येईपर्यंत थांब. सत्य म्हणजे काही दूध नव्हे, महिनाभरात नासत नाही.

पण तू थांबणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून भिवंडीकरांसाठी शेवया आणून ठेवल्या आहेत. रागावू नकोस, जेवत जा.

हलीमाफूफी

ता. क. बरणी?


खोडाळा,
१४ जानेवारी १९८०

ती. फूफीस,
सलाम. वि. वि.

तुमचे पत्र येण्याआधीच मी मंडळाला लिहून टाकले होते. सगळे लिहिले: इथे संत्री पिकत नाहीत, दोरा मंडळाचाच, नमुना कुत्र्याच्या चित्रातला, आणि गावातली जुनी चुंबळ म्हणजे लुगड्याची चिंधी. पत्र पेटीत टाकून आल्यावर ट्रंक भरायला घेतली. गौराबाई रडल्या, माझ्या भाकऱ्यांची गंमत संपणार म्हणून असेल.

परवा उत्तर आले. माझ्या विनयाचे मंडळाला कौतुक वाटते. परंतु तज्ज्ञांच्या मते ही कला किमान तीनशे वर्षे जुनी आहे. ते संत्रे नसून सूर्य आहे. वर्गाला कायम मंजुरी मिळाली आहे. मात्र मला या परंपरेची काहीच माहिती नाही हे माझ्याच पत्रावरून सिद्ध होत असल्याने, मी तीन आठवडे ठाण्यास येऊन तिचे प्रशिक्षण घ्यावे. शिकवणाऱ्या विदुषी सध्या धाकलीच्या चुंबळीचा अभ्यास करत आहेत.

फूफी, मी खरे बोलले आणि कोणाचे काही बिघडले नाही. याचे समाधान मानावे की दुःख, ते मला अजून ठरवता येत नाही. मंजुरीचा कागद सोबत जोडला आहे. अब्बांनी अट ठेवली होती, आता त्यांनी शब्द पाळावा. शेवया तुम्हीच खाव्यात.

वर्गात मी उत्तर वाचून दाखवले. बायका पोट धरून हसल्या. धाकली मात्र हसली नाही. तिची चुंबळ ठाण्यात काचेच्या कपाटात ठेवली आहे आणि ती इथे पुन्हा चिंधीवर हंडा वाहते आहे. दोरा संपला आहे. मंडळ म्हणते, आता सूर्याच्या अस्सल रंगाचा पाठवू, पण तो अस्सल रंग कोणता यावर समिती बसली आहे.

येत्या सोमवारच्या गाडीने निघते. मन लावून शिकेन आणि परत येऊन या बायकांना त्यांची परंपरा शिकवीन, असे मंडळाने माझ्याकडून लिहून घेतले आहे. धाकलीने लिहून काही घेतले नाही. तिची चुंबळ मी परत आणायची, एवढेच सांगितले आहे. मागून मिळाली तर ठीक. नाही तर कपाटाला कुलूप कसले आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवते.

लोभ असावा, आणि दुवाही जरा जास्त असावी.

तुमची,
नजमा