बाटलीवरचं वय

बाबा, मी काल झोपले नाय. रात्रभर पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसले, श्वास लागतोय का बघत. तिला खोकल्याचं औषध दिलंय ते तीन वर्षांच्या पोराचं हाय, आणि माझी पोर अकरा महिन्यांची हाय. दोन चमचे पोटात गेलेत, एक काल दुपारी, एक दिवे लागताना. तेव्हापासून ती नीट जागी होत नाय. हलवली की डोळे किलकिले करते, परत मान टाकते. अंगावर घेतली तर दोनदा ओढते आणि ओठ तसेच ठेवून झोपते. आता उजाडलंय. मामंजी खाली सडकेवर गेलेत, घाटातून उतरणारी महाडची एसटी थांबवायला. गाडी वळणावर दिसली की ते हाळी देतील, मग मी पोरीला घेऊन उतरायचं. तोवर करायला काय नाय. नुसतं बसवत नाय, म्हणून तुझी जुनी वही काढली. मागची पानं कोरी हायत. आणि लिहायला तूच सापडलास, कारण या घरात ज्यांच्यावर ओरडावं त्या माणसांची मला आत्ता गरज हाय. तू मेलेला हायस. तुझ्यावर ओरडलं तर गाडी चुकत नाय.

मला सांग, हे इंग्रजी मला शिकवायला तुला कुणी सांगितलं होतं? लोकांचे बाप पोरींना पाढे शिकवतात, नायतर काहीच शिकवत नाहीत, ते पण बरं. तू पाऊस सरला की आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जायचास, तिथली साहेब लोकांची थडगी घासायला. पावसाळाभर दगडांवर शेवाळ चढायचं. ते तू नारळाच्या सोडणानं घासायचास आणि अक्षरांच्या खाचेतलं बांबूच्या काडीनं काढायचास. वर्षानुवर्षं तीच तीच अक्षरं साफ करून तुला ती वाचता यायला लागली, अडलं की पाद्रीबुवाला विचारायचास. म्हणजे तुझं सगळं इंग्रजी मेलेल्यांकडून आलेलं. तुला त्या भाषेत कपभर चहा मागता आला नसता. पोटात दुखतंय हे सांगता आलं नसतं. पण माणूस कधी जन्मला, कुणाशी लगीन झालं, किती वर्षांचा होऊन गेला, हे घडाघडा. बॉर्न, इन्फंट, चाइल्ड, मॅरीड, वाइफ, मदर, विडो, एज्ड, डाइड. मी चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तू मला ते म्हणायला लावतोयस, देवाचं नाव घ्यावं तसं. आई वैतागायची. "पोरीला डाइड काय शिकवता तिन्हीसांजेला? दुसरं काय नाय का त्या भाषेत?" तू म्हणायचास, "असंल गो. माझ्या दगडांवर नाय."

इन्फंट आणि चाइल्डचा मी नेहमी घोळ घालायचे. म्हणायचे, दोन्ही पोरंच ना? तू म्हणायचास, दोन्ही पोरंच, पण एक नाय. इन्फंट म्हणजे अंगावर पिणारं. चाइल्ड म्हणजे चालणारं, हट्ट करणारं, जत्रेत हरवणारं. मी म्हणायचे, काय फरक पडतो? तू म्हणायचास, थडग्याला दगड केवढा घ्यायचा त्याचा फरक पडतो. असलं बोलायचं का नऊ-दहा वर्षांच्या पोरीशी?

त्याच वयात तू मला एकदा बरोबर नेलंस. दादा मुंबईला मामाकडे राहायला गेला होता आणि तुला पाणी वाहायला कुणीतरी पाहिजे होतं. वर कसली थंडी, माझे दात वाजतायत, आणि तू एकेका दगडापाशी थांबून मला वाचायला लावतोयस. मी बघितलं की बाप्यांच्या दगडांवर ते काय काय करायचे ते लिहिलेलं, आणि बायांच्या दगडांवर नुसतं कुणाची कोण. कुणाची वाइफ, कुणाची मदर. मी तुला म्हणाले तर म्हणालास, "मग आपल्याकडे वेगळं काय हाय?" दुपारी दमून मी एका दगडावर बसले आणि भाकरी सोडली. तू लांबून आलास, दंडाला धरून मला उठवलंस. "ते पोर हाय," एवढंच म्हणालास. बघते तर दगड पाटाएवढा. मग तोच मला घासायला दिलास. मी नाव लख्ख केलं आणि खालची ओळ तशीच ठेवली, आकडे काय घासायचे म्हणून. तेव्हा तू खरा चिडलास. "नाव आईबापानं ठेवलेलं असतं. खालचं तिचं स्वतःचं हाय. सात महिने चार दिवस. ते चार दिवस पण घास." मी रडत रडत घासले. विचारलं पण तुला, या लोकांना वय सांगायची भीती वाटत नाय? आपल्यात कुणी पोराचं वय विचारलं तर बाया पदर ओढून पोर झाकतात. तू हसलास. तुला तुझं स्वतःचं वय तरी कुठं ठाऊक होतं? म्हशी मेल्या त्या साली जन्मलो म्हणायचास, आणि म्हशी काय एकाच साली मेल्यात?

मी चौदाची असताना तू गेलास. आईच्या बांगड्या फोडत होते आणि माझ्या डोक्यात दुसरं काय नाय, तो एकच शब्द, विडो, विडो. तेव्हा पण मला तुझा असाच संताप आला होता. आधी शब्द शिकवलास आणि मग तो घरात आणलास.

मग माझं इकडं लगीन झालं. कारभारी मुंबईला गिरणीत, गणपतीला येतात आणि शिमग्याला येतात. पहिली पोर झाली, ती सव्वा वर्षाची होऊन तापात गेली. तुला दिसली असंल तिकडं. तिला जाऊन महिना होतोय तोवर मला परत दिवस गेले आणि ही झाली. आत्याबायनी, म्हणजे माझ्या सासूनी, हिचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "तीच परत आली." नाव पण तेच ठेवलं. मोठीचा जन्म पाटलाच्या वहीत लिहिलेला होता. ती गेली हे कुणी लिहायला गेलं नाय, आणि ही आली हे पण नाय. म्हणजे कागदावर माझ्या पोटी एकच पोर झाली, ती मेली नाय, आणि आज ती तीन वर्षांची हाय. आत्याबायनी सगळ्यांना ताकीद देऊन ठेवलीय. वय सांगायचं नाय, आणि सांगायचीच वेळ आली तर मोठीचं सांगायचं. "अकरा महिने म्हटलं की पोरं नेणारी ऐकते गो. तिला वाटू दे ही मोठी झाली, हातातून निसटली." वाईट मनानं नाय म्हणत बाबा. मोठीला शेवटी त्याच मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारची वयनी सगळं ठाऊक असून मुद्दाम विचारते, "तीन वर्षांची घोडी आणि अजून रांगते? काय घालतेस गो हिला खायला?" मी हसायचे. काय हसायचे मी, गाढवासारखी.

चार दिवस पोरीला खोकला आणि ताप. मामंजी परवा महाडला बाजाराला निघाले होते, ते म्हणाले, औषध घेऊन येतो. इथून तापलेलं पोर न्यायचं म्हणजे उतार, मग एसटी, मग तिथं बसून राहायचं. म्हणून आमच्याकडे सगळे असंच करतात, दुखणं सांगायचं, वय सांगायचं, बाटली आणायची. डॉक्टरनी विचारलं असंल वय किती, आणि मामंजींनी सांगितलं तीन वर्षं. महाडजवळ नाते गावी नणंदेकडे मुक्काम करून ते काल दुपारी आले. लाल औषध, बाटलीला खुणांची कागदी पट्टी. लगेच एक चमचा दिला. संध्याकाळी दुसऱ्या चमच्याला मी बाटली कंदिलापाशी धरली आणि तिच्यावर डकवलेली चिठ्ठी दिसली. तुझ्या दगडांवरची अक्षरं सरळ उभी असतात, ही सगळी आडवी झोपलेली. तरी मला लागली. चाइल्ड. पुढं तीनचा आकडा. आत्याबाय पोरीचं तोंड उघडून बसल्या होत्या. "बघतेस काय, दे ना." आणि मी दिला. वाचलं, कळलं, आणि दिला. मग ही अशी झोपली. आत्याबाय म्हणाल्या, "बघ, गुण आला." एवढं शिकवलंस, तर वाचल्यावर तोंड कसं उघडायचं ते कुठल्या दगडावर नव्हतं का रे?

आज सकाळी त्यांनी परत चमचा हातात घेतला.

"धर तिला."

मी म्हणाले, "नाय देणार."

"काय?"

"नाय देणार, आत्याबाय. हे औषध हिचं नाय."

"मग कुणाचं?"

"मोठीचं."

ही झाल्यापासून या घरात तिला कुणी मोठी म्हटलं नव्हतं. आत्याबायच्या हातातला चमचा कलंडला, लुगड्यावर लाल डाग पडला. मामंजी पायरीवर तंबाखू मळत होते, ते मळायचे थांबले. म्हणाले, "बाटलीवर काय लिवलंय?"

"चाइल्ड लिहिलंय. आपली इन्फंट हाय."

"म्हंजे काय, ते नीट सांग."

"म्हणजे आपली अंगावर पिते. दोन दात हायत तिला. अकरा महिन्यांची हाय ती, अकरा, अकरा!"

मी ओरडले बाबा. सासऱ्यासमोर. आत्याबायनी दोन्ही हात कानावर ठेवले, मग एक काढून पोरीच्या कानावर ठेवला. आणि मग फिरल्या त्या मामंजींवर. "तुम्हीच गेलात ना? पोर डोळ्यानं दिसत नाय? तीन सांगून आलात! जीभ झडली असती का घरी विचारून गेला असतात तर?" मामंजींनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग तंबाखू तशीच झटकून टाकली, काठी घेतली आणि म्हणाले, "मी गाडी थांबवतो. बाटली बरोबर घे, डॉक्टरला दाखवायला." आणि गेले. आत्याबाय आता गोठ्यात जाऊन बसल्यात, म्हशीशी बोलतायत. मला ऐकू येतंय. मामंजींनाच शिव्या चालू हायत.

मला सगळ्यांचा कंटाळा आलाय. वय लपवणाऱ्यांचा आलाय, पोर न बघता बाटली देणाऱ्यांचा आलाय, आणि मेलेल्या पोरीचे चार दिवस घासायला लावणाऱ्या तुझा सगळ्यात जास्त आलाय. तू नसतास तर मला ती चिठ्ठी वाचता आली नसती. मी पण म्हणाले असते, गुण आला, आणि आज सकाळी तिसरा चमचा दिला असता. हे पण मला कळतंय. म्हणून तर जास्त चीड येते, तुला नुसत्या शिव्या पण घालता येत नाहीत.

आत्ता तिनं डोळे उघडले. बघितलं माझ्याकडे, ओळखीचं बघितलं की उगीच, सांगता येत नाय. परत मिटले. अंग गरम हाय. श्वास हाय.

मामंजींची हाळी आली. आता लवकर लिहिते. परवा निघताना त्यांनी पायरीवरून मला विचारलं होतं. "वय किती सांगू गो?" आत्याबाय नदीवर होत्या. ऐकायला कुणी नव्हतं. खरं सांगता आलं असतं. मी तीन म्हणाले. आत्याबायच्या भीतीनं नाय, तसंच आलं तोंडातून. मोठी या महिन्यात तीनची झाली असती. हिचे महिने मला बोटांवर मोजून काढावे लागतात बाबा, आणि तिचे मोजावे लागत नाहीत.

वही उंबऱ्यावर ठेवते. मास्तर शाळेत जाताना इथूनच जातात. हे जो कोणी वाचेल त्यानं पोस्टात जाऊन मुंबईला माझ्या दादाला फोन करावा. तो हॉटेलात कामाला हाय, नंबर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलाय. कारभाऱ्यांना गिरणीत फोन मिळत नाय, दादा जाऊन सांगेल. दादा तापट हाय, आल्याआल्या मामंजींच्या अंगावर जाईल. म्हणून फोनवरच सांगा, पोरीला महाडला नेलंय, ती अकरा महिन्यांची हाय, आणि तीन वर्षं हे मामंजींनी नाय ठरवलं, तुझ्या बहिणीनं सांगितलं.