लेबलावरचा आकडा

प्रिय छकुले,

तू दुसरीत होतीस तेव्हा शनिवारी दुपारी आपण दोघी आपल्या फिनेलच्या दुकानामागच्या खोलीत बाटल्या विसळायला बसायचो, आठवतंय? विसळणं कमी आणि एकमेकींना भिजवणंच जास्त. तुझे बाबा दारातून डोकावून म्हणायचे, "मॅडम, आज काही काम होणार आहे की दोघींना घरी पाठवू?" फिनेलचा वास आला की मला अजून तुझं ते हसणं ऐकू येतं.

परवा त्या दुकानाचं सील निघालं. दोन वर्षांनी. साथीत जो तो दाराच्या कड्या, टेबलं पुसायला औषधी पाणी मागू लागला, तेव्हा दादानं, तुझ्या बाबांनी, ते बनवलं. तपासणीवाले आले, नमुने घेऊन गेले. लेबलावर होतं त्याच्या निम्मंच अल्कोहोल निघालं. दुकान बंद झालं, दादाचा फोटो पेपरात आला. तू फोनवर त्याला म्हणालीस, "बाबा, लोक मरत होते आणि तुम्ही पाणी विकलंत?" मी शेजारीच बसले होते. तो एवढंच म्हणाला, "जेवलीस का?" त्यानंतर तू फोन केला नाहीस, आणि सहा महिन्यांत तो गेला. तुला दोष देत नाही गं. जे समोर आलं त्यावर तू विश्वास ठेवलास.

आता ऐक. ती लेबलं मी लिहिली होती. कॉन्व्हेंटच्या नन्सनी घोटून घेतलेलं माझं अक्षर, म्हणून तो ते काम मलाच द्यायचा. त्याच्या चिठ्ठीत मराठीत होतं, अल्कोहोल ४० टक्के, बाकी जंतुनाशक औषध आणि पाणी. इंग्रजीत उतरवताना मी त्या ४ ला 8 समजले. मराठी आकड्यांत मी शाळेपासूनच कच्ची. तपासणीच्या साहेबांनी बाटली पुढे धरली तेव्हा दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लेबलं मीच लिहिली." घरी येऊन मी रडायला लागले, तर म्हणे, "वेडाबाई, दोघांनी कशाला अडकायचं?" मी घाबरले होते, गप्प बसले. तो गेल्यावरही गप्पच राहिले. परवा दुकानातल्या त्याच्या खणात ती चिठ्ठी सापडली. त्यानं ती कुणालाच दाखवली नव्हती.

मूळ चिठ्ठी सोबत आहे, ती तुझी. माझा सही केलेला जबाब उद्या मी स्वतः तपास कार्यालयात नेऊन देणार आहे. त्याची ही प्रत लेबलं चिकटवणाऱ्या मावशींना पोचव. लोकांनी त्यांनाही भेसळवाली म्हटलं. वहिनीच्या, तुझ्या आईच्या, हातात मात्र हे पत्र देऊ नकोस. तू जवळ बसून वाचून दाखव, आणि तिनं मला शिव्या दिल्या तर मध्ये पडू नकोस.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
आत्या