पालथं ताट

प्रिय मुकादम,

बाबांनी ठेवलेलं तुझं हे नाव मी आज पहिल्यांदाच लिहितेय. एवढीशी होतीस तेव्हा आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस, पुस्तकं कशी रचायची ते त्यांना सांगायचीस आणि ते चिकटवायच्या खळीची वाटी हातात धरून 'होय मुकादम' म्हणायचे. रोज भेटणाऱ्या आईने पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. पण मी तोंडाने काही बोलायला गेले की तू 'आई, तुझं आपलं काहीतरीच' म्हणून हसतेस, मलाही हसू येतं, आणि मी पातेल्यावरचं झाकण काढते. म्हणून लिहितेय.

मला वाचता येतं ते बांधणीला आलेल्या फाटक्या पुस्तकांमुळे. पानं क्रमाने लावता लावता अक्षरं ओळखीची झाली. शेवटचं पान हरवलेलं असलं की मी माझ्या मनाने शेवट सांगायची, आणि बाबा म्हणायचे, लेखकाला दाखवू नकोस, रडेल बिचारा. ते गेल्यापासून काम थोडंच घेते, पण छापलेला कागद दिसला की अजून सोडवत नाही. परवा तू बॅग विसरून गेलीस आणि तिच्यातून तुझ्या गोळ्यांचा खोका डोकावत होता. आतला घडीचा कागद मी काढला. त्याची पहिली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बाइंडरची बायको आहे मी, न उघडलेला कागद मला कळतो. भिंग घेऊन तो सगळा वाचला.

गोळी दिवसातून दोनदा. आधी दोन तास पोट रिकामं हवं आणि नंतर तासभर काही खायचं नाही. मग मी तुझा दिवस डोळ्यांसमोर आणला. पहाटे शाळेची बस काढायच्या आधी एक गोळी होत असेल. संध्याकाळी सहाला तू डेपोतून थेट इकडे येतेस, चपला काढायच्या आत 'भूक भूक' करतेस आणि मी लगेच वाढते. जेवण झालं की माझ्या सोफ्यावर डुलक्या, मग घरी जाऊन झोप. यात दुसरी गोळी कुठे बसते ते मला काही सापडलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी स्वयंपाकच सोडला होता. ओट्यापाशी उभ्याने पाव खायचा, वर पाणी प्यायचं, झालं जेवण. एका संध्याकाळी तू ड्रायव्हरच्या गणवेशातच आलीस आणि 'माझ्याकडचा गॅस संपलाय' म्हणालीस. तुझा गॅस तेव्हापासून संपलेलाच आहे. मी कधी विचारलं नाही, कारण मला समोर कोणीतरी जेवायला हवं होतं. गेल्या वर्षी तुझ्या रक्तात कॅन्सर निघाला, तरी तू माझ्यासोबतचं जेवण मोडलं नाहीस. मला वाटायचं, काय धीराची पोर आहे माझी.

काल जेवताना तू सहज सांगितलंस की रिपोर्ट बिघडलाय, ही गोळी लागू पडत नाही, आता जास्त कडक औषध सुरू करणार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोन्ही वेळा घेता ना? तू म्हणालीस, घेते. काही त्रास? मजेत आहे. अगं, मजेत? माझ्या दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी असतेस ती काय हौस म्हणून? आणि न घेतलेली गोळी लागू पडणार तरी कशी? त्या बाई गोळीला दोष देतील आणि भलतं औषध तुझ्या अंगावर येईल. गुरुवारी दवाखान्यात जाऊ तेव्हा तू त्यांना खरं सांगायचंस, चुकलेल्या गोळ्याही आणि खाजही. ते ऐकून त्यांना जे बदलायचं ते बदलू देत. मी शेजारच्या खुर्चीत बसणार आहे. तू 'मजेत' म्हणालीस तर मी तोंड उघडेन, आणि एकदा उघडलं की ते लवकर मिटत नाही, हे तुला ठाऊक आहे.

ताट आज पालथं का, म्हणून तू ते उचललंस आणि त्याखाली हे पत्र सापडलं. स्वयंपाक तयार आहे, पण झाकण आज मी काढणार नाही. शेजारी पेला भरून ठेवलाय. चारनंतर काही खाल्लं असशील तर सांग, तेवढं थांबू. नसशील तर आत्ता गोळी घे. मग तासभर मागच्या खोलीत बसू. एक जाडजूड शब्दकोश बांधायला आलाय, त्याची पानं लावून दे. आणि माझी काळजी करू नकोस. आज दुपारी मी स्वतःसाठी गरम अन्न केलं, टेबलाशी बसले आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर एकटी जेवले. पहिला घास जड गेला, पण उतरला. बाकीचेही उतरले. तेच तुला सांगायला हे पत्र लिहिलं. मी उपाशी राहीन या भीतीने तुला गोळी चुकवायची गरज आता उरलेली नाही. बाबांशिवाय जगायला मी शिकतेय; तुझ्याशिवाय जगायला मी शिकणार नाही, सांगून ठेवते. तास झाला की ताट सुलटं कर, मी वाढते.

तुझीच, आणि गोळीपुरती तुझी मुकादम,
आई